मोठा कॅमेरा पार्कात न्यायचा की घरी ठेवायचा? आदल्या रात्री ठरवायची पद्धत

रविवारची सहल ठरलेली असते. शनिवारी रात्री पुऱ्या तळून होतात, पोरांचे टॉवेल आणि बदलायचे कपडे पिशवीत जातात. घरात ज्याने यंदा पहिला डीएसएलआर किंवा मिररलेस, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, घेतलेला असतो, तो कपाटासमोर उभा राहतो. न्यायचा का? एवढे पैसे घातलेत, अशा दिवशी नाही वापरायचा तर कधी? पण भिजला तर? पडला तर?

हा प्रश्न मला ओळखीतल्या बऱ्याच जणांनी विचारला आहे. आपल्या नागपुरातून जाण्यासारख्या जागाही वाढल्या. अमरावती रोडला बाजारगावकडचं पाण्याचं पार्क झालं, गोरेवाड्याची सफारी झाली, आणि सुट्ट्या लागल्या की गाड्या हैदराबादपर्यंत पोचतात. सगळ्यांना पुरेल असं एकच उत्तर माझ्याकडे नाही. मात्र एक गोष्ट मी अनुभवाने शिकलो आणि ती आता प्रत्येकाला सांगतो: हा निर्णय फोटोच्या दर्जावर घेऊ नका. दिवसभर तो कॅमेरा कुणाच्या अंगावर राहणार आहे, यावर घ्या. दर्जाचा विचार नंतर. म्हणून पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत. बऱ्याच जणांचं उत्तर दुसऱ्या पायरीवरच निघतं, आणि ते तिथे निघालं तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

1. बॅग काट्यावर ठेवा, मग खांद्यावर घालून भाजी आणा

कॅनन 1500डी ही नवशिक्यांची आवडती बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा. बॅटरी आणि मेमरी कार्ड धरून तिचं वजन 475 ग्रॅम. कॅमेऱ्यासोबतच मिळणारी 18-55 मिलिमीटरची किट लेन्स साधारण 200 ग्रॅम. लांबचं जवळ आणायला हौसेने घेतलेली 75-300 झूम 480 ग्रॅम. इतक्यातच साडेअकराशे ग्रॅमच्या वर गेलो. त्यात बॅगेचं स्वतःचं वजन, जादा बॅटरी, चार्जर, पुसायचं कापड आलं की दीड-पावणेदोन किलो सहज होतं. फुल फ्रेमवाल्यांचं, म्हणजे उजेड टिपणारा सेन्सर मोठा असलेला महागडा कॅमेरा घेतलेल्यांचं, तर विचारूच नका. 5डी मार्क 4 ची बॉडी 890 ग्रॅम आणि तिच्यावर 24-70 एफ 2.8 लावली की आणखी 805 ग्रॅम. बॅगेचं वजन न धरताच जवळजवळ पावणेदोन किलो झालं. खिशातला फोन भरतो दोनशे ग्रॅमच्या आसपास.

आता हे पावणेदोन किलो एकटे नसतात. उन्हाळ्यात नागपुरातून बाहेर पडताना माणशी लिटरभर पाणी घ्यावंच लागतं. पोरांच्या पिशव्या असतात. धाकटं थकलं की तेही कडेवर येतं.

म्हणून जमलं तर सहलीच्या आठवडाभर आधीच एक प्रयोग करून ठेवा. बॅग पूर्ण भरा, खांद्याला अडकवा आणि गोकुळपेठेच्या नाहीतर कॉटन मार्केटच्या भाजीबाजारात तासभर फिरा. हातात दोन पिशव्या असू द्या. टोमॅटो निवडायला वाकाल तेव्हा बॅग पुढे घसरते का, पैसे काढताना ती कुठे जाते, गर्दीत मागून कुणाचा धक्का लागला तर हात आपोआप कुठे जातो, हे पाहा. पूर्ण तासभर एक हात बॅगेवरच राहिला असेल, तर पार्कात आठ तास तो हात पोराच्या हातात नसेल. हे घरीच कळलेलं बरं.

2. तुम्ही पाण्यात असताना कॅमेरा कुणाजवळ?

इथे थोडं थांबून लिहितो, कारण सगळं इथेच ठरतं.

कॅमेरा घेतल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही घरचे नऊ जण शहराबाहेरच्या एका वॉटर पार्कला गेलो होतो. निघताना वहिनीने बॅग पाहिली आणि म्हणाली, "भाऊजी, हे गाठोडं कायले घेतलं? तिथं पाण्यातच राहाचं आहे ना." मी ऐकलं नाही. तिथल्या लॉकरचा कप्पा लहान निघाला, फुगलेली बॅग आत जाईना. पोरं एव्हाना स्लाइडकडे धावली होती. तेव्हा आई म्हणाली, "जा रे तुम्ही. मी बसते इथं. मले काही हौस नाही पाण्यात जायची."

सकाळी साडेदहापासून दुपारी साडेचारपर्यंत आई कडुनिंबाखालच्या बाकावर बसून होती. बॅगेचा पट्टा तिने मनगटाला दोनदा गुंडाळून घेतला होता. मी अधूनमधून यायचो, हात पुसायचो, कॅमेरा काढायचो, पाच-दहा फोटो घ्यायचो आणि बॅग परत तिच्या मांडीवर ठेवून जायचो. रात्री घरी कार्ड लावलं तर तीनशेच्या वर फोटो होते आणि आई होती एकात, मागे, धूसर. त्याहून जास्त लागलं ते दुसऱ्या दिवशी. ओले कपडे वाळत घालताना पिशवीच्या तळाशी तिचा पाण्यात घालायचा नायलॉनचा कॉस्च्युम सापडला. वहिनीकडून मागून तिने तो मुद्दाम सोबत घेतला होता. घरून जसा घडी घालून नेला तशीच घडी होती, कोरडी.

तेव्हापासून माझा नियम आहे, आणि तुम्हीही तो पाळावा असं मनापासून सांगतो: कॅमेरा ज्याचा, तो त्याच्याजवळ. त्याच्याजवळ नसेल तेव्हा कुलपात. दुसऱ्या माणसाच्या मांडीवर नाही.

हा नियम मान्य केला की तीनच वाटा उरतात. पहिली, तुम्ही स्वतः राइडवर आणि पाण्यात जाणार नाही, फोटोच काढणार. ही पूर्णपणे चांगली वाट आहे, फक्त ती घरी सगळ्यांना आधी सांगा. नाहीतर पोरगं दर दहा मिनिटांनी "बाबा, चला ना" म्हणत येईल आणि तुमचं मन दोन्हीकडे राहील. दुसरी वाट, दिवसाचे दोन भाग करा. ठरावीक दोन तास कॅमेरा बाहेर, बाकी वेळ लॉकरमध्ये. तिसरी, तो घरी राहील.

"पण आमच्यात एक जण खरंच कुठल्याच राइडवर बसत नाही," असं तुम्ही म्हणाल. असू शकतं. मग त्या माणसाला एकटं गाठून विचारा, सगळ्यांसमोर नको. चारचौघांत आई, मावशी, आत्या कधीच नाही म्हणत नाहीत. आणि बॅग देणार असाल तर एक तासासाठी द्या, दिवसभरासाठी नाही.

3. पार्क कोणत्या जातीचं आहे ते बघा

सगळ्या जागांना "पार्क" म्हणत असलो तरी कॅमेऱ्याच्या दृष्टीने त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पाण्याचं पार्क असेल तर मोठ्या कॅमेऱ्याला तिथे फारसं काम नाही. तुम्ही ओले, हात ओले, बाक ओला, समोरून येणारं पोरगंही ओलं. साधी, नवशिक्यांसाठीची बॉडी पाण्यापासून सुरक्षित नसते. महागड्या बॉडीला सांध्यांवर रबराची पट्टी असते, पण ती पावसाच्या शिंतोड्यांसाठी असते, बादलीभर पाण्यासाठी नाही. आणि या पार्कांत डोक्यावर उलटणारी मोठी बादली असतेच. माझं मत विचाराल तर पाण्याच्या पार्कात फोन आणि त्याला पाण्यापासून जपणारा प्लॅस्टिकचा पाऊच, विषय संपला.

मोठ्या राइडचं पार्क हा दुसरा प्रकार. खोपोलीजवळच्या इमॅजिकामधल्या नायट्रो रोलर कोस्टरला पायाखाली तळच नाही, पाय हवेत लोंबकळतात. अशा राइडवर चप्पलसुद्धा जपावी लागते, गळ्यात कॅमेरा घालून बसायचा प्रश्नच येत नाही. एवढ्या उंचीवरून किलोभर वजनाची वस्तू सुटली तर खालच्याचा जीव जाऊ शकतो. खिशात फोन ठेवून वर जाणाऱ्यांनाही हेच लागू आहे. म्हणजे प्रत्येक राइडच्या वेळी कॅमेरा कुठेतरी ठेवायचा, परत घ्यायचा. दिवसात दहा राइड म्हटल्या तर वीस वेळा हेच. मोठी झालेली पोरं आपापली राइडवर जातात आणि तुम्हाला खालून बघायला आवडतं, अशी स्थिती असेल तरच इथे मोठा कॅमेरा शोभतो.

हैदराबादची रामोजी फिल्म सिटी वेगळी. 1996 मध्ये सुरू झालेला हा जवळपास 1,666 एकरांचा पसारा. इथून 44 नंबरच्या हायवेने सरळ खाली साधारण पाचशे किलोमीटर. तिथे मुख्य काम फिरायचं आणि बघायचं: सेट, बागा, बसमधून फेरी. अंग कोरडं राहतं. कॅमेरा न्यायला हरकत नाही, एका लेन्ससह. त्याच हैदराबादला वंडरला हे राइडचं आणि पाण्याचं पार्कही करणार असाल तर त्या दिवशी तो हॉटेलच्या खोलीत कुलपात ठेवा.

आणि गोरेवाडा. बाळासाहेब ठाकरे गोरेवाडा आंतरराष्ट्रीय प्राणी उद्यानाची इंडियन सफारी 26 जानेवारी 2021 ला सुरू झाली. इथे मात्र मी सांगेन, न्याच. तुम्ही बसमध्ये बसलेले असता, दोन्ही हात मोकळे, पाण्याचा संबंध नाही, आणि वाघ, बिबट, अस्वल फोनच्या आवाक्यापेक्षा लांब असतात. घेतल्यापासून कपाटात पडून राहिलेल्या 300 मिलिमीटरच्या झूमला हीच जागा. काचेतून फोटो काढताना लेन्सचं तोंड काचेला जवळजवळ टेकवा, फ्लॅश बंद ठेवा आणि पांढरा शर्ट घालू नका. पांढऱ्या शर्टाचं प्रतिबिंब नेमकं वाघाच्या तोंडावर येतं. समोर जाळी असेल तरी लेन्स शक्य तितकी तिच्या जवळ न्या आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र, पूर्ण उघडा (एफचा आकडा सगळ्यात लहान). प्राणी लांब असेल तर जाळी फोटोत विरघळून जाते.

4. नागपूरचं ऊन: मॅन्युअलची शेवटची पानं वाचा

नवा कॅमेरा घेतला की मॅन्युअल कुणी वाचत नाही, शेवटचं तपशिलाचं पान तर नाहीच नाही. त्यावर कॅमेरा किती तापमानापर्यंत चालवावा हे लिहिलेलं असतं. कॅनन असो की निकॉन, बहुतेक कॅमेऱ्यांसाठी हा आकडा 0 ते 40 अंश सेल्सियस आहे. आयफोनसाठी 0 ते 35. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला जाणं नवलाचं नाही. शिवाय तो आकडा सावलीतला. उन्हात गळ्यात लटकलेली काळी बॉडी त्याहून किती तरी जास्त तापते. म्हणजे मे महिन्यात दुपारी एकला पार्कात दोन्ही यंत्रं कंपनीने आखलेल्या मर्यादेच्या बाहेर असतात.

कॅमेरा लगेच बंद पडतो असं नाही. पण मिररलेसवर सलग व्हिडिओ घेतला तर तापल्याची खूण येते आणि तो स्वतःहून थांबतो. फोन आधी स्क्रीन अंधूक करतो, चार्जिंग थांबवतो, मग "गार होऊ द्या" म्हणून बंद होतो. यावरचा उपाय आपल्या गळ्यातच असतो. उन्हाचा बचाव म्हणून आपण जो पांढरा दुपट्टा डोक्याला गुंडाळतो तसाच आणखी एक, थोडा जाड, बॅगेवर टाका. काळी बॅग थेट उन्हात ठेवू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पार्किंगमधल्या बंद गाडीत कॅमेरा ठेवून आत जाऊ नका. नको म्हणून गाडीत टाकलेला कॅमेरा हा पार्कात भिजलेल्या कॅमेऱ्याइतकाच धोक्यात असतो. डॅशबोर्डवर तर तो क्षणभरही नको.

आता धुक्याचं. एसी गाडीतून बाहेर पडलं की लेन्सवर धुकं धरतं, म्हणून अर्धा तास थांबा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. आपल्याकडे तो वर्षभर तसाच लागू पडत नाही. मेच्या दुपारी नागपूरची हवा इतकी कोरडी असते की कूलर मस्त गारवा देतो. त्याच कोरडेपणामुळे थंड लेन्सवर पाणी धरत नाही. जुलैत कूलर लावला की अंग नुसतं चिकचिक करतं, आणि त्याच दिवसांत एसी गाडीतून काढलेली लेन्स लगेच पांढरी होते. म्हणजे साधी खूणगाठ: घरात कूलर काम देत असेल तोवर धुक्याची काळजी नको. दमट हवेमुळे कूलरचा उपयोग होईनासा झाला की पोचायच्या अर्धा तास आधी बॅग एसीच्या झोतापासून दूर, डिकीत ठेवा, चेन लावून. पोचल्यावर मात्र सोबत घ्या. वेव्ह पूलच्या, म्हणजे कृत्रिम लाटांच्या तलावाच्या, अगदी काठावर आणि बंदिस्त पाण्याच्या राइडमध्ये हवा कोणत्याही ऋतूत दमट असते, तेवढा अपवाद धरा.

5. फोनला काय जमत नाही, तेवढंच बघा

भर दुपारी उजेड एवढा असतो की मोठ्या सेन्सरचा फायदा बराच कमी होतो. फिल्मच्या काळातला जुना हिशोब आजही चालतो: स्वच्छ ऊन, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 100, ॲपर्चर एफ 16, शटर (उजेड आत येण्याचा वेळ) एका सेकंदाचा शंभरावा भाग. ॲपर्चर एफ 5.6 केलं की शटर आठशेव्या भागावर जातो. म्हणजे स्वस्तातली किट लेन्सही घसरगुंडीवरून येणारं पोर जागच्या जागी थिजवते, आणि फोनही थिजवतो. फरक दिसत नाही.

छापण्याचंही तसंच. सीताबर्डीच्या बाजारात जाऊन आपण जे नेहमीचे 4 बाय 6 इंचांचे फोटो काढून आणतो, त्यांना चांगल्या प्रतीसाठी 1200 बाय 1800, म्हणजे 21-22 लाख पिक्सेल पुरतात. कुठल्याही फोनमध्ये याच्या कित्येक पट असतात. भिंतीवर 12 बाय 18 इंचांची फ्रेम लावायची असेल तर जवळजवळ दोन कोटी पिक्सेल लागतात, तिथे मोठ्या कॅमेऱ्याचं पारडं जड होतं. स्वतःला प्रामाणिकपणे विचारा, गेल्या वर्षभरात किती फोटो भिंतीवर गेले?

फोन कमी पडतो तो तीन ठिकाणी. लांबचं जवळ आणायचं असेल तेव्हा, कारण एका मर्यादेनंतर फोनचा झूम म्हणजे चित्र कापून मोठं करणं. अंधार पडल्यावर हलणारी माणसं टिपायची असतील तेव्हा: संध्याकाळची मिरवणूक, दिव्यांचा खेळ, नाच. आणि हलत्या गोष्टीवर फोकस धरून ठेवत पटापट वीस फोटो घ्यायचे असतील तेव्हा. तुमच्या उद्याच्या दिवसात यांपैकी काही नसेल, तर मोठ्या कॅमेऱ्याने तुम्हाला जास्त काही मिळणार नाही.

6. पार्कात फोन करून चारच गोष्टी विचारा

लॉकरचा कप्पा केवढा आहे, शाळेचं दप्तर मावतं का? एकदा पैसे भरले की दिवसातून हव्या तितक्या वेळा उघडता येतो, की प्रत्येक वेळी नवे पैसे? मोठ्या लेन्सचा कॅमेरा आत सोडतात का, त्याला वेगळं शुल्क आहे का? ट्रायपॉड चालतो का?

दुसरा प्रश्न सगळ्यात कामाचा आणि तोच विचारायचा राहतो. लॉकर एकदाच उघडता येत असेल तर "दोन तास बाहेर, बाकी वेळ आत" ही योजनाच कोसळते. ट्रायपॉडचं उत्तर बहुधा "नाही" येईल, आणि त्यात वाईट वाटून घेऊ नका. गर्दीत तो पायात येतो. डिस्नेच्या पार्कांनी तर 2015 मध्ये सेल्फी स्टिकसुद्धा बंद केल्या, कारण लोक त्या चालत्या राइडवर बाहेर काढत होते. तिकीट खिडकीवर वाद घालण्यापेक्षा हे घरबसल्या विचारलेलं चांगलं. मागे नऊ जणांची रांग ताटकळत असते.

7. न्यायचं ठरलं तर

एक बॉडी, एक लेन्स. पार्कात लेन्स बदलायची नाही. धूळ, शिंतोडे आणि ओले हात तिन्ही तिथे असतात, आणि लेन्स काढल्यावर उघडा पडणारा आतला भाग (मिररलेसमध्ये तर सेन्सरच) ही कॅमेऱ्यातली सगळ्यात नाजूक जागा. गोरेवाड्याला झूम, बाकी सगळीकडे किट लेन्स.

आदल्या रात्री बॅटरी चार्ज करा, कार्डावरचे जुने फोटो कॉम्प्युटरवर उतरवून ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. किराण्याची मोठी, झिप असलेली जाड पिशवी घ्या, कॅमेरा आत मावेल अशी. सोबत एक कोरडा पंचा, फक्त कॅमेऱ्यासाठी. पोरांनी तो अंग पुसायला घेतला नाही म्हणजे मिळवली, म्हणून वेगळ्या रंगाचा घ्या. गळ्यातल्या पट्ट्यापेक्षा खांद्यावरून आडवा जाणारा पट्टा बरा, वाकलं तरी कॅमेरा पुढे झोके घेत नाही.

वेळ ठरवून घ्या. सकाळी आत शिरल्या शिरल्या तासभर: गर्दी नसते, कपडे कोरडे असतात, चेहरे ताजे असतात. मग थेट पार्क बंद व्हायच्या आधीचा तास-दीड तास. मधल्या वेळेत ऊन डोक्यावर असतं, डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडतात, टोपी घातली की अर्धा चेहराच गायब होतो. त्या वेळी कॅमेरा लॉकरमध्ये आणि तुम्ही पाण्यात.

राइडचे फोटो काढताना एक सोपी युक्ती वापरा. राइड दर फेरीला त्याच वाटेने जाते. पहिली फेरी नुसती बघा. पोरं किंचाळतात कुठे, हात वर जातात कुठे, ऊन चेहऱ्यावर येतं कुठे? दुसऱ्या फेरीला तिथेच कॅमेरा रोखून थांबा. शटर हजाराव्या भागावर, फोकस सलग पाठलाग करणाऱ्या मोडवर आणि फोटो एकामागून एक येतील असा. पंधरा फोटोंतून एक असा निघतो की पोरगं दहा वर्षांनीही दाखवेल. घोड्यांच्या गोल पाळण्यासाठी उलट करा. शटर तिसाव्या भागावर आणा आणि घोडा फिरेल तसा कॅमेरा फिरवा. पोर स्पष्ट येतं आणि मागची गर्दी रंगांच्या रेघा होऊन जाते. पहिले दहा-वीस फोटो वाया जातील, धीर सोडू नका.

एक गोष्ट मात्र फार महत्त्वाची. पाण्याच्या जागी बाया, मुली, लहान पोरं ओल्या कपड्यांत असतात. लांबची लेन्स वेव्ह पूलकडे रोखून उभा राहिलेला माणूस कुणालाही आवडत नाही, मग त्याच्या मनात कितीही स्वच्छ हेतू असो. आपल्याच माणसांचे फोटो काढा, जवळ जाऊन काढा, आणि चौकटीत दुसऱ्या घरातलं कुणी येत असेल तर थांबा. कुणी येऊन "दादा, आमचा फोटो आला असेल तर काढून टाका" म्हटलं, तर वाद न घालता त्यांच्यासमोर डिलीट करा. तो त्यांचा हक्क आहे असंच मी मानतो.

8. नाही न्यायचं ठरलं तर

मग फोन आणि गळ्यात अडकवायचा पारदर्शक पाऊच. पाऊच स्वस्त असतो, म्हणून तपासल्याशिवाय भरवसा ठेवू नका. आदल्या रात्री त्यात फोनऐवजी टिश्यू पेपर घाला, बंद करा, वर वाटी ठेवून बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा. कागद कोरडा निघाला तरच फोन आत. दरवर्षी पुन्हा तपासा, घडी पडते तिथे प्लॅस्टिक फाटतं.

"माझा फोन आयपी68 आहे, पाऊच कशाला?" असंही ऐकू येतं. आयपी68 ही पाणी-धुळीपासून बचावाची खूण, पण तिची चाचणी स्वच्छ, स्थिर पाण्यातली असते. पार्कातलं पाणी क्लोरीनचं आणि वरून जोराने आदळणारं. फोन जुना झाला, एकदा पडला, की आतलं सील तितकं राहत नाही. आणि पाणी शिरलं तर बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत.

पाऊचवर पाण्याचे थेंब असले की स्क्रीन बोटाला दाद देत नाही. म्हणून आवाजाच्या बटणाने फोटो निघतो का ते घरीच बघून ठेवा. फोटो घेण्याआधी लेन्ससमोरचं प्लॅस्टिक बोटाने एकदा पुसा. फोन एकाच्याच गळ्यात ठेवू नका, तासातासाने गळा बदला. दुसऱ्या वर्षी आम्ही हेच केलं. वहिनीच्या गळ्यात फोन होता तेव्हाचा एक फोटो आहे: वेव्ह पूलमध्ये गळ्यापर्यंत पाण्यात आई, डोळे घट्ट मिटलेले, तोंड उघडं, एक हात माझ्या खांद्यावर. डाव्या कोपऱ्यात पाऊचवरच्या थेंबाचा मोठा गोळा आलाय. त्याची 4 बाय 6 ची प्रत आईच्या गोदरेजच्या कपाटाला आतून चिकटवलेली आहे.

9. परत आल्यावर, झोपायच्या आधी

कितीही दमला असाल तरी दहा मिनिटं काढा. कॅमेऱ्यावर शिंतोडे उडाले असतील तर स्वच्छ पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने बॉडी पुसा, मग कोरड्याने. क्लोरीनचं पाणी नुसतं वाळू दिलं तर पांढरे डाग राहतात आणि बटणांच्या फटींत जातं. लेन्सची काच आधी फुंकणीने (धूळ उडवायचा रबरी फुगा), मग लेन्सच्याच कापडाने पुसा. पंच्याने किंवा शर्टाने नाही. बॅटरी आणि कार्ड काढून घ्या. बॅग पूर्ण उघडून रात्रभर पंख्याखाली ठेवा, कूलरसमोर नको, त्याची हवा ओली असते. सकाळी सिलिका जेलची पुडी टाकून बंद करा.

कॅमेरा खरोखरच भिजला, आत पाणी गेलं असं वाटलं, तर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. लगेच बंद करा, बॅटरी काढा, कार्ड काढा आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याकडे न्या. तांदळाच्या डब्यात ठेवायचा उपाय सगळे सांगतात, पण तांदळाची भुकटी आत जाते आणि पाणी तिथेच राहतं. पावसाचं की क्लोरीनचं, कोणतं पाणी होतं ते दुरुस्तीवाल्याला खरं सांगा.